अकरा पावलं

हमीदा : चहा घ्या आधी, गुरुजी. कागद कुठं पळून जात नाही.

अभिमन गुरुजी : घेतो, हमीदा. पण गफूरनं एकदा शांतपणे वाचावा. चारच ओळी आहेत. मुद्दाम मीच लिहिल्या. कमिटीतल्या दुसऱ्या कुणी लिहिल्या असत्या तर भलतंसलतं घातलं असतं.

गफूर : वाचला, गुरुजी. अक्षर तसंच आहे तुमचं. माझ्या चौथीच्या प्रगतिपुस्तकावर होतं तसंच.

गुरुजी : मग?

गफूर : मग काय. 'तालुका कबड्डी स्पर्धेच्या उद्घाटनाला राष्ट्रगीत चालू असताना मी मैदानात फिरलो. माझ्याकडून राष्ट्रगीताचा अवमान झाला. मी समस्त शिंदखेडेकरांची माफी मागतो. पुन्हा असं होणार नाही.' खाली नाव, गफूर बँडवाला.

गुरुजी : गाव तुला त्याच नावानं ओळखतं.

हमीदा : कालपर्यंत ओळखत होतं. आज सकाळी दळण आणायला गेले तर गिरणीवाल्यानं मोबाईल पुढं धरला. म्हणे, भाभी, हे तुमचेच ना? वीस वर्षं आमच्या दारावरून जातोय तो माणूस. त्याच्या दोन्ही पोरींच्या लग्नात यांनीच वाजवलं. आणि मला विचारतो, तुमचेच ना.

गुरुजी : लोक बोलतात. दोन दिवस बोलतील.

गफूर : तुम्ही पाहिला का तो व्हिडिओ?

गुरुजी : आमच्या दीपकनं दाखवला.

गफूर : नऊ सेकंदांचा आहे. सगळं गाव सावधानमध्ये उभं आणि मी एकटा चालतोय. मागून कोणाचा तरी आवाज येतो, 'बठ्ठा उभा शेतस, हाऊच कसा फिरस?' आणि बंद. त्याच्या आधीचं काही नाही, नंतरचंही नाही. मी पावलं मोजली काल. खुर्चीपर्यंत अकरा होतात. व्हिडिओत सातच आलीत.

गुरुजी : हे बघ, गफूर, मी तुला शिकवलेला माणूस आहे, म्हणून साधं विचारतो. राष्ट्रगीताच्या वेळी काय करायचं असतं?

गफूर : सावधान उभं राहायचं. टाचा जुळलेल्या, मुठी मांडीला. नजर समोर. डास चावला तरी चावू द्यायचा.

गुरुजी : बरोबर. मग तू का हललास?

गफूर : राष्ट्रगीत चालू असताना हललो नाही मी. ते बंद पडल्यावर हललो. आता तुम्ही सांगा, मध्येच बंद पडलं तर ते चालू आहे म्हणायचं, की संपलं म्हणायचं?

गुरुजी : प्रश्न चांगला आहे.

हमीदा : मग शाबासकी द्या त्यांना. कागद कशाला आणलात?

गफूर : हमीदा, बोलू दे त्यांना.

हमीदा : बोलू देतेच आहे. सकाळपासून सगळ्यांनाच बोलू देतेय.

गुरुजी : तिचा राग मला समजतो. लाईट गेली, रेकॉर्ड बंद पडली. ते कुणाच्या हातात नव्हतं. अशा वेळी लोकांनी जागेवर उभं राहायचं आणि ज्यांचं काम आहे त्यांनी बघायचं.

गफूर : एकोणीस वर्षं ते काम माझं होतं, गुरुजी. उद्घाटनाला आणि फायनलला राष्ट्रगीत आमचाच बँड वाजवायचा. यंदा दीपकभाऊ म्हणाले, रेकॉर्ड लावू, लोकांना ऐकायला बरं वाटतं. मी म्हटलं, ठीक. तेच म्हणाले, वाद्यं खुर्च्यांवर ठेवा, फोटोत बरं दिसत नाही. आम्ही ठेवली. माझं क्लॅरोनेट मंडपाच्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर होतं.

गुरुजी : ते मला माहीत आहे.

गफूर : तुम्हाला पुढचं माहीत नाही. तुमचे डोळे मिटलेले होते. राष्ट्रगीताला तुम्ही डोळे मिटता, आम्ही पहिलीत होतो तेव्हापासून. निम्म्यावर आवाज बंद झाला. आधी सगळे थांबले. मग मागे कोणीतरी हसलं. एक जण खाली बसला. बाहेरगावच्या पोरी आमच्या पोरींकडे बघायला लागल्या, आमच्या पोरी माझ्याकडे. आमची अफिफा रांगेत तिसरी होती. तिनं मान हलवली नाही, नुसते डोळे फिरवले. मला वाटलं, हे असं अर्धवट लोंबकळत राहिलं तर लोक आता टाळ्या वाजवून मोकळे होतील. मी गेलो, क्लॅरोनेट घेतलं आणि जिथं तुटलं होतं तिथून उचललं. दुसऱ्या ओळीला पोरींनी आवाज दिला. शेवटपर्यंत नेलं आम्ही. तुम्हीही म्हणत होतात तेव्हा.

गुरुजी : म्हणत होतो. मला वाटलं, लाईट आली.

हमीदा : यांच्या फुंकेला लाईट समजलात, गुरुजी.

गुरुजी : पण बेटा, नियमाच्या दृष्टीनं...

गफूर : नियम तुम्हीच शिकवला. मी तिसरीत होतो, सव्वीस जानेवारी होती. मुख्याध्यापकांचं भाषण लांबलं, उन्हात पोरं तापली. मग राष्ट्रगीत सुरू झालं आणि निम्म्यात बेबा चक्कर येऊन पडली, साळुंख्यांची. सगळी शाळा गप्प झाली. तुम्ही काय केलंत?

गुरुजी : आता कुठं आठवतंय इतकं.

गफूर : मला आठवतं. तुम्ही रांगेतून चालत आलात, तिला दोन्ही हातांवर उचललं आणि व्हरांड्यापर्यंत घेऊन गेलात. चालता चालता मोठ्यानं म्हणत होतात, एकटेच. मग आम्ही म्हणायला लागलो. नंतर वर्गात तुम्ही सांगितलं, हे गाणं एकदा सुरू केलं की खाली टाकायचं नाही. कोणाच्या हातून पडलं तर दुसऱ्यानं उचलायचं. त्या दिवशी कोणाकडे मोबाईल नव्हता म्हणून बरं.

गुरुजी : ...ती गोष्ट निराळी होती.

गफूर : कशी निराळी?

गुरुजी : काळ निराळा होता, गफूर. आणि उचलणारा मी होतो.

हमीदा : हे खरं बोललात. चहा निवला तुमचा. दुसरा टाकू?

गुरुजी : नको. बस जरा तू. मी या कागदासाठी आलोच नाही खरं तर. मी अफिफासाठी आलो. सकाळी कमिटी बसली. ठरलं असं की, ज्या घरातून अवमान झाला त्या घरातली मुलगी उद्या फायनलला उतरणार नाही. माफी दिली तर खेळेल. मी अध्यक्ष आहे, पण माझं एक मत. पाच जणांशी भांडून एवढंच मिळवलं, की पोलीस ठाण्यात कुणी जाणार नाही.

गफूर : अफिफाचं काय चुकलं?

गुरुजी : काही नाही. रोज संध्याकाळी मी मैदानावर शिट्टी घेऊन उभा असतो, मला सांगतोस? मी आजवर शेकडो पोरं पाहिली. हिच्यासारखा दम एकाचाही नाही. चढाईला गेली की एका श्वासात चौघींना शिवून परत येते. ही मुलगी जिल्ह्याला जाईल, धुळ्याला. तिथून पुढंही जाईल. उद्या निवड करणारे येणार आहेत. ती एका कागदामुळं बाकावर बसलेली मला बघवणार नाही.

हमीदा : ती दोरीवर बघा. तिची जर्सी आहे. पहाटे उठून स्वतः धुतली. तिला अजून यातलं काही माहीत नाही. काल घरी आली तर मला म्हणे, अम्मी, अब्बांनी सूर कसला बरोबर पकडला. पोरी सगळ्या विचारत होत्या, तुझे अब्बा का? एवढी खूश होती.

गफूर : गुरुजी, मी सही करतो. पण ते दुसरं वाक्य काढा. अवमान झाला, ते. फिरलो, हे खरं आहे. माफी पाहिजे तर तीही मागतो, शंभर वेळा. तेवढं वाक्य नको.

गुरुजी : त्या वाक्यासाठीच तर कागद आहे, बाळा.

गफूर : मग एक सांगतो. सांगणार नव्हतो. लाईट गेली नव्हती.

गुरुजी : म्हणजे?

गफूर : मंडपातला पंखा फिरत होता. स्टेजवरचे दिवे चालू होते. रेकॉर्ड दीपकभाऊंच्या मोबाईलवर लावली होती, त्याला वायर होती. त्यांना फोन आला. त्यांनी वायर ओढली आणि मोबाईल कानाला लावला. पाठ फिरवून, मंडपाच्या कनातीकडे तोंड करून. मी चार हातांवर होतो. म्हणाले, हो साहेब, उद्या फायनलला नक्की या, गाडी पाठवतो. मी क्लॅरोनेट उचललं तेव्हाही ते बोलतच होते.

गुरुजी : दीपक असं करणार नाही.

गफूर : मीही तेच म्हणालो मनाशी.

गुरुजी : घरी येऊन म्हणाला, लाईटनं घोटाळा केला. मी विचारलंही नाही पुन्हा. मग जेवताना म्हणाला, नाना, साहेबांचं नक्की झालं, उद्या येतात. मी विचारलं, कधी कळलं? म्हणाला, आपलं उद्घाटन चालू होतं ना, सहा वाजता, तेव्हाच फोन आला.

हमीदा : सहालाच होतं ना राष्ट्रगीत?

गुरुजी : सहालाच.

हमीदा : मग द्या तो कागद इकडं. दोनच गोष्टी बदलायच्या आहेत. खाली नाव दीपकभाऊंचं. आणि 'मैदानात फिरलो'च्या जागी 'फोनवर बोललो' लिहा. अक्षर तुमचं आहेच.

गुरुजी : हमीदा, तो शाळेत नोकरीला आहे. असं बाहेर आलं तर निलंबित होईल. दोन लेकरं आहेत त्याला.

हमीदा : आणि आम्हाला?

गुरुजी : तसं नाही म्हणायचं मला.

हमीदा : तसंच म्हणायचंय, गुरुजी. राग नाही. तुमच्या जागी मीही माझ्याच पोराचं बघितलं असतं. फक्त मी दुसऱ्याच्या घरी पेन घेऊन गेले नसते.

गफूर : हमीदा, बस.

गुरुजी : बोलू दे. तिचा हक्क आहे. गफूर, मी आता इथून उठलो, सरळ कमिटीत गेलो आणि खरं सांगितलं, तर काय होईल ते तुला सांगतो. दीपक नाही म्हणेल. कमिटीतले बाकीचे चौघं त्याच्या बाजूचे आहेत. म्हणतील, म्हाताऱ्याला काय दिसलं, डोळे तर मिटलेले होते. मग वाद वाढेल, फायनलच रद्द करतील. पोरींची दोन महिन्यांची मेहनत मातीत जाईल. अफिफाची आधी.

गफूर : म्हणजे तुम्ही सांगणार नाही.

गुरुजी : मी विचार करून बोलतोय.

गफूर : वर्गात तुम्ही आम्हाला विचार करायला पाच मिनिटं द्यायचात. त्यानंतर उत्तर यायलाच पाहिजे असायचं.

गुरुजी : ...नाही सांगणार.

गफूर : हं. द्या पेन.

हमीदा : अहो.

गफूर : साडेपाचला प्रॅक्टिस सुटते. ती यायच्या आत हे व्हायला पाहिजे. कुठं करू सही, गुरुजी, इथं?

गुरुजी : नावाच्या वर.

(गफूर सही करतो. गुरुजी कागदाची घडी घालून खिशात ठेवतात. पेन गफूरच्याच हातात राहतं.)

गुरुजी : आणखी एक आहे. मघाशी माझ्यानं सांगवलं नाही. हे उद्या माईकवर वाचायचं आहे. फायनलच्या आधी.

गफूर : कोणी?

गुरुजी : तू.

हमीदा : पोरींची रांग तेव्हा कुठं असते, गुरुजी?

गुरुजी : समोरच असते. स्टेजकडे तोंड करून.

हमीदा : मी आत जाते. दोरीवरची जर्सी वाळली असेल, इस्त्री करायची आहे.

गुरुजी : गफूर, मला वाईट म्हण. शिवी दे वाटलं तर.

गफूर : नाही हो. तुमच्यावर जीभ उचलत नाही. सवयच नाही ना. पेन घ्या तुमचं. बँडला यायचं की नको उद्या?

गुरुजी : नको म्हणालेत. रेकॉर्डच लावणार.

गफूर : कोणाच्या मोबाईलवर?

गुरुजी : दीपकच्याच.

गफूर : बरं. मी वाचून झालं की खालीच उभा राहीन, लोकांत. रिकाम्या हातानं. एक विचारायचं राहिलं, गुरुजी. शाळेतलाच प्रश्न समजा.

गुरुजी : विचार.

गफूर : उद्या परत मध्येच बंद पडलं, तर मी काय करू?

गुरुजी : ...उभा राहा. जागचा हलू नको.

गफूर : आणि तुम्ही?

गुरुजी : माझे डोळे मिटलेले असतात, गफूर.