वैलावर ठेवलेली लेबलं

कॉम्प्युटरला कधी हात न लावलेल्या माणसानं तुमची चूक पकडली तर कसं वाटेल, सांगा बरं! मी नवीन जालना भागात बियाण्याच्या गोदामात लेबलं छापतो. कॉम्प्युटरवरच्या काळ्या खिडकीत हुकूम टाइप केला की प्रिंटर लेबलं काढत सुटतो, पण तोवर ती खिडकी अडकून राह्यते. परवा मला मधेच दुसरी यादी बघायची होती, म्हणून कंट्रोल-झेड दाबलं. काम मागं गेलं, आपलं आपण होत राहील, असं समजून यादी बघितली अन् चहाला गेल्तो.

परत आलो तर प्रिंटर गप्प, पॅकिंगच्या बाया रिकाम्या बसलेल्या अन् परतूरला माल नेणारी गाडी दारात. खिडकीत शब्द होता, 'स्टॉप्ड'.

बायांच्या मुकादम गिरजामावशी म्हणल्या, "काय केलंस रे?"

"मागं सरकवलं मावशी. वाटलं, चालू राहील."

"चुलीवरची भाजी शेजारच्या वैलावर सरकवली तर त्याच आचेवर शिजत राह्यते. तू तर खाली उतरून ठेवलीस!"

मी 'बीजी', म्हणजे 'मागं चालू ठेव', असा हुकूम टाइप केला. प्रिंटर सुरू झाला, खिडकीही मोकळी राह्यली. मावशी जरा वेळ निरखून बघत होत्या.

"अन् चूलच विझली तर? मंग वैलावरच्याचं काय?"

"काही होत न्हाई, बघा," म्हणत मी ऐटीत खिडकी बंद केली.

प्रिंटर गप्प झाला.

 मावशी गाडीवाल्याला म्हणल्या, "बस रे बाबा, चहा घे."