बिल्ला धडधाकट आहे

इस्पितळात रक्ताच्या कर्करोगाच्या विभागाबाहेर अणुभट्टीतला एक फिटर आपला नंबर यायची वाट बघत बसला होता. मागच्या बाकावर एका वेल्डरची आणि त्याच्या बायकोची दबक्या आवाजात जुंपली होती. डोळे मिटता येतात, कान कुठे मिटता येतात?

"काय म्हणाले कंपनीचे डॉक्टर?"

"म्हणाले, तुम्हाला किरणं लागलेलीच नाहीत. बिल्ला तसं सांगतो."

"तुमच्या छातीवरचा? किरणं मोजणारा?"

"तोच."

"मग रक्त काय हौसेनं नासलं?"

"हळू बोल गं."

"इतकी वर्षं भट्टीच्या पोटात शिरून वेल्डिंग केलंत आणि बिल्ला कोरा करकरीत?"

"तो आत यायचाच नाही."

"म्हणजे?"

"बिल्ल्यावर किरणांचा ठरलेला आकडा भरला की माणसाला घरी बसवतात. म्हणून मुकादम सांगायचा, बाहेर खुंटीला अडकवा आणि मगच आत शिरा. सगळेच अडकवायचे."

"शाबास! पोटच्या पोरासारखा जपलात हो बिल्ला."

"घर चालायला नको होतं?"

"चाललं की! आता तुम्ही बसा इथेच सुया टोचून घेत. मी त्या बिल्ल्यालाच घरी घेऊन जाते. धडधाकट आहे, म्हातारपणी सोबत तरी करेल."

तेवढ्यात नर्सनं फिटरला हाक मारली.

"तुमचा किरणं मोजायचा बिल्ला आणायला सांगितला होता ना? कुठे आहे?"

फिटर नुसताच रिकामा खिसा चाचपत राहिला.

उत्तर मागच्या बाकावरून आलं, बाईच्या आवाजात.

"खुंटीला."