बाह्यांना कमी पडलेली लोकर

आई: अन् हे काय? प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वरून टेप मारून, बॅगांच्या मागे कोंबलं. मी विणलेला स्वेटर आहे न हा, का मेलेला उंदीर?

निहारिका: आई, ती पिशवी उघडू नकोस. प्लीज. टेपला हात लावू नकोस.

आई: आवडला नाही तर तसं सांगायचं होतं. नागपूरहून एवढा जपून कुरियर केला.

निहारिका: आवडला नाही असं कोण म्हणतंय?

आई: ही पिशवी म्हणून राहिली.

निहारिका: तुला सांगितलं होतं ना, त्या प्रेसमध्ये काही आवरू नकोस म्हणून.

आई: प्रेस काय, प्रेस? कपाट म्हण. पंधरा दिवस झाले मले येऊन. तू सकाळी लॅबमध्ये जाते अन् मी ह्या परदेशातल्या ॲथलोन गावात खिडकीतून नदी पाहते. कपाट नाही आवरायचं तर काय करू?

निहारिका: ये, बस इथे. आज शनिवार आहे, मी कुठे जात नाहीये. चहा टाकू?

आई: चहा नको. पिशवीचं सांग.

निहारिका: हा फोटो बघ आधी. मायक्रोस्कोपखालचा आहे.

आई: केस आहे का कोणाचा?

निहारिका: धागा आहे, दोन मिलिमीटरचा. सप्टेंबरमध्ये आम्ही बोटीने आर्क्टिकला गेलो होतो ना, बर्फाच्या कडेपर्यंत? तिथल्या पाण्यातला. त्यात प्लास्टिकचे बारीक तुकडे किती सापडतात...

आई: ते माहीत आहे मले. सरितावहिनीले मी तेच सांगते, आमची पोरगी समुद्र गाळते म्हणून.

निहारिका: रंग बघ ना.

आई: मोरपंखी.

निहारिका: आणि हा दुसरा?

आई: हाही मोरपंखीच. पण जरा हिरव्यावर जाते. थांब, फोन मोठा कर... अगं, हा पहिला तर तुझ्या बाबांच्या स्वेटरचा! स्कूटरवर घालायचे तो. तोच उसवून तुझा विणला न मी. अन् हा हिरवट म्हणजे सीताबर्डीवरून आणलेला गोळा. बाह्यांना लोकर कमी पडली होती. दुकानदार म्हणे, सेम आहे ताई. मी त्याच्या दिव्याखाली पाहिलं अन् घेऊन आली. उन्हात पाहायचं होतं.

निहारिका: असे एक्केचाळीस धागे निघाले. ॲक्रिलिकचे. तीन दिवसांच्या पाण्यात. त्याच्या आधी एक नाही, नंतर एक नाही.

आई: आता तो तिथे कसा जाईन?

निहारिका: मी घालून गेले होते.

आई: मग त्यात काय? थंडीसाठीच विणला होता.

निहारिका: डेकवर फक्त सुती कपडे घालायचे, असा नियम असतो, आई. वरून ते देतात ते जॅकेट. आपल्याच कपड्यांचे धागे पाण्यात पडले तर मोजायचं काय? रोज एक फॉर्म भरायचा: वारा, तापमान, अंगावर काय आहे. मी तिन्ही दिवस लिहिलं, सुती. मला वाटलं, जॅकेटची चेन गळ्यापर्यंत लावली की झालं. पण तुझ्या बाह्या बाहेर येत होत्या.

आई: लांबच विणल्या होत्या. बोटं झाकली पाहिजे म्हणून.

निहारिका: झाकली. पाण्याचे नमुने भरताना, बाटल्यांच्या तोंडावर.

आई: कधी कळलं तुले हे?

निहारिका: नोव्हेंबरमध्ये.

आई: अन् आता फेब्रुवारी चालू आहे.

निहारिका: हो. म्हणून तर पिशवी.

आई: तुझ्या गाइडले, त्या ऑर्लाबाईले, सांगतलं?

निहारिका: नाही. ती खूश आहे गं! पोचले त्या दिवसापासून तिने मला इतकं सांभाळून घेतलंय. तिला वाटतं, मासेमारीच्या दोराचे असतील. दोन रंग, म्हणजे दोन बोटी. सोमवारी आम्ही बसून पेपर फायनल करणार आहोत आणि एप्रिलमध्ये नॉर्वेला मी तो सगळ्यांसमोर मांडणार. खरं सांगितलं तर पाणी घेतलेल्या नऊ ठिकाणांपैकी तीन बाद होतील. नॉर्वे गेलं. पीएचडी एक वर्ष पुढे जाईल. ठेवतील की काढून टाकतील तेही माहीत नाही.

आई: मग नको सांगू.

निहारिका: आई!

आई: काहून? एवढा मोठा समुद्र, त्यात एवढुसे धागे. कोणाचं काय बिघडते?

निहारिका: जगातला प्रत्येक माणूस हेच म्हणतो. म्हणून तर ते पाणी गाळावं लागतं.

आई: मी आई आहे, मी म्हणणारच. तू खोटं बोलली तरी मी तुझ्याच बाजूनं. पण मले एक सांग. दोराचे म्हणजे तिथे मासे धरतात त्या लोकांच्या नावावर जाईन हे?

निहारिका: हो. तसंच छापून येईल.

आई: म्हणजे दुसऱ्याच्या माथी.

निहारिका: हो.

आई: निहा, तुझ्या बाबांनी तीस वर्षं वजनमापं तपासली. दिवाळीत मिठाईवाले घरी डबे आणायचे अन् हा माणूस दारातून परत पाठवायचा. तू रडायची त्या सोनपापडीसाठी.

निहारिका: आठवतंय.

आई: अन् त्यांच्याच स्वेटरनं खोटं मापायचं? रडू नको. नाक पूस. मले समजत नाही ते वेगळंच आहे. तू लहानपणापासून नियमाची पक्की. शाळेत दोन वेण्या म्हणजे दोनच वेण्या. मग हा घातला काहून? जॅकेट पातळ होतं का?

निहारिका: जॅकेट चांगलं होतं.

आई: मग?

निहारिका: तेरा सप्टेंबर होता. मी विसरले नव्हते, आई.

आई: मी दिवसभर फोन हातात घेऊन बसली होती. बाबांच्या फोटोले हार घातला, गुरुजी येऊन गेले, पानं उठली. तुझा मेसेज आला, ‘मी ग्रँड आहे’. बरी आहे म्हणायले इथल्या लोकांसारखं ग्रँड! मले लई राग आला. मनात म्हटलं, पोरगी तिकडची झाली.

निहारिका: बोटीवर फोन लागत नव्हता. मेसेज जायचा, तोही चार शब्दांचा. पहाटेची शिफ्ट होती. सगळे चांगले होते गं, हसतखेळत असायचे. पण कुणाला सांगणार, आज माझ्या बाबांना जाऊन वर्ष झालं म्हणून? सांगितलं असतं तर सॉरी म्हणाले असते, चहा दिला असता. मला ते नको होतं. मला घरातलं कुणीतरी हवं होतं. मग खाली केबिनमध्ये गेले आणि हा घातला. नंतर दोन दिवस काढवलाच नाही.

आई: इथे घरात तरी तुझी रूममेट सुरुची होती न. तिच्याजवळ बोलायचं.

निहारिका: सुरुची मागच्या जूनमध्येच सँडीफोर्डला गेली. नोकरी लागली तिला.

आई: फोनवर तर तू दर रविवारी सांगायची, सुरुचीनं पोहे केले, सुरुची झोपली आहे.

निहारिका: तू काळजी केली असतीस.

आई: तरीच. आली त्या दिवशीच पाहिलं मी. रॅकवर एक ताट, एक वाटी, एक कप. म्हटलं, त्या पोरीची भांडी कुठे आहेत?

निहारिका: विचारलं का नाहीस?

आई: तू सांगशील म्हणून थांबली. आता आण ती पिशवी. ऑर्लाबाईले दाखवायले काय लागेन?

निहारिका: दोन्ही धाग्यांचे नमुने. मशीनमध्ये जुळवून बघावे लागतील. थोडासा तुकडा कापावा लागेल.

आई: कापायचं नाही. कापलं की सगळं सुटत जाते. सुई दे मले. गळ्याचं एक टोक मी आतून बांधलं आहे, तिथून बाबांचा धागा चार बोटं उसवते. बाहीचा मनगटाकडून. हं, हा घे. ह्याले कशात ठेवू? ती छोटी पिशवी दे.

निहारिका: प्लास्टिकमध्ये नको. फॉइल घे, पोळ्यांची.

आई: घे. हा बाबांचा, हा सीताबर्डीचा. आता लिही तिले.

निहारिका: सोमवारी समोरासमोरच सांगते ना.

आई: सोमवारपर्यंत तुले दहा कारणं सुचतीन. आत्ता लिही. मी बसली आहे इथेच.

निहारिका: ...झालं. लिहिलं. तारखा टाकल्या, तिन्ही ठिकाणं टाकली, फॉर्ममध्ये खोटं लिहिलं तेही टाकलं.

आई: पाठव.

निहारिका: पाठवलं. गेलं.

आई: बरं झालं. अन् काहून घातला, ते लिहिलं का? तेरा सप्टेंबरचं?

निहारिका: नाही. त्याला फॉर्ममध्ये रकाना नसतो, आई.

आई: मग मले सांग. पहिल्यापासून सांग, त्या पहाटेपासून. मी ऐकून राहिली.