पाळीची चिठ्ठी

फोटो मंग काढा दादा, आधी पेपरात काय लिवणार ते सांगा — ‘नवऱ्याचा हात गेला, पण सगुणाबाईंनी हिंमत सोडली न्हाई’, हेच ना? लिवा. सत्काराच्या टायमाला बी हेच वाचलं. ब्याऐंशी साली कडूबाचा उजवा हात लोखंडाच्या मिलमधी गेला — लाल तापलेली सळई, दुसरं काय — आन तेरा वर्षांनी आज माझे एकोणपन्नास डबे त्याच मिलमधी जातेत. हाताखाली सहा बाया. पयली आर्डर कशी भेटली म्हंता? साहेबाला दया आली. तसं लिवा. न्हाई, दया कशाची — मिलच्या कागदावर अंगठा दिला मी. ‘कडूबा त्या दिवशी कामावर न्हवता, घरीच पडला’, असं लिवलेल्या कागदावर. हात तर गेलाच व्हता, लेकरं उपाशी व्हती. तवापासून कडूबा माझ्या हातचं खातो, पण बोलत न्हाई. हे नका लिवू. अंगठ्याचं बी नका. आता मला वाचता येतं, चिठ्ठीपुरतं.

कंची चिठ्ठी? पाळीची — कोण कोण कामावर हाय त्याची, रोज सकाळी गेटवरून येती, सुपरवायझरच्या हातची. तिच्यात नाव असलं तरच डबा जातो. तो डबा राहू द्या, भिवाचाय, नाव कोरलेलंय बघा. परवा भरलेला तसाच वापस आला. भट्टीपाशी भाजला भिवा, दवाखान्यात जाईपत्तोर गेला. आन मिलवाले म्हंतेत, तो त्या दिवशी कामावर न्हवताच. आज सकाळी त्याची बायको आल्ती, द्वारकाबाई, इथंच उंबऱ्यात बसली. म्हने, अक्का, परवाची चिठ्ठी तुमच्यापाशी आसंल, तेवढी द्या, वकिलाला दाखवते. मी चिठ्ठ्या ठिवते, तिला बराबर माहीत.

तुम्ही हात कशाला पुढं करून राह्यले, दादा? सहा बायांच्या चुली हायेत माझ्यावर — तुमचा पेपर देतो का त्यांना काम? मी तिला म्हनलं, बस, बघते. पिठाच्या डब्याखालून चिठ्ठ्या काढल्या, परवाची चुलीत घातली. तिच्यासमोरच. तिला वाचता येत न्हाई, तिला वाटलं मी जाळ लावून राह्यले. त्याच जाळावर चहा ठेवला. पिली बिचारी.

सरका, टेम्पो आला. अठ्ठेचाळीस जायचेत आज. फोटो घ्यायचा तर इकडून घ्या, चूल नका घेऊ त्यात.