घडी चुकली की घंटा

—अहो पण मी नाही कुठं म्हणतोय! मीच मारली गाठ. जरा हळू बोला वकीलसाहेब, आत आमची ही घड्या घालतेय, तिचं लक्ष उडतं. कोर्टात निघायच्या घाईत शर्ट झटकलात आणि बाह्या पाठीमागं बांधलेल्या, बेड्या घातलेल्या आरोपीसारख्या – मग? जामीन मिळाला का शर्टाला? – बरं, नाही हसत. बसा. त्या स्टुलावर नको हो, त्याचा पाय मी सैल– हां, वाचलात! गल्लीत विचारा माझं नाव. पोस्टमनच्या रुमालाला एवढी खळ घातली होती की बिचाऱ्याचं नाक सोललं. हेडमास्तरांच्या पँटीचे खिसे शिवून टाकले, ते भर वर्गात खडू खिशात घालत राहिले. तेव्हा तपास कसला करताय? आरोपीला गुन्हा कबूल आहे, खटला निकाली काढा.

काय? धुवायला-इस्त्रीला नवीन कपडे का घेत नाही? ती बाहेर पाटी लावलीय ना, 'आवक बंद'? ते शास्त्र आहे. हसू नका! माझी भाची पेशींवर संशोधन करते, डोळ्याला नळकांडं लावून बसते दिवसभर. परवा म्हणाली, मामा, तुमच्या दुकानासारखी एक खोली पेशीतही असते. म्हटलं, भाडं किती? म्हणाली, ऐका हो जरा. पेशीत म्हणे प्रथिनं विणली जातात, लांबलचक दोऱ्यासारखी, आणि त्या खोलीत त्यांच्या घड्या घालतात. घडी नीट बसली तर प्रथिन कामाचं, नाहीतर नुसता बोळा. बोळे साचले की घंटा वाजते. मी विचारलं, कोण वाजवतं, शिपाई ठेवलाय? पोरीनं डोक्याला हात लावला. पण घंटेनं काय होतं सांगू? नवीन माल आत यायचा कमी होतो. घड्या घालणारे हात वाढवतात. आणि बिघडलेला माल दाराबाहेर पडायच्या आत धरून मोडीत काढतात. झालं, खोली पुन्हा ताळ्यावर! अहो, हे मला शाळेत कुणी सांगितलं असतं तर मी शाळा सोडून पळालो नसतो – खोटं. पळालोच असतो.

तर आमच्याकडं तेच चाललंय. ती पाटी म्हणजे आवक बंद. हात वाढवलेत – हे माझे – आता मीही तिच्या शेजारी बसतो, तिचं लक्ष नसलं की तिनं घातलेली घडी मोडतो, पुन्हा घालतो. आणि बाहेर जाणारं प्रत्येक पुडकं तपासतो, तुमचं तेवढं निसट–

काय म्हणालो मी?

छे छे. मीच मारली गाठ, सांगितलं ना. साक्षीदार फुटल्यासारखं काय बघताय?

...बरं. पण कुणाकडं बोलू नका. तिची घडी कशी होती तुम्हाला ठाऊक आहे – चादर अंथरताना लोकांच्या जिवावर यायचं, घडी मोडेल म्हणून. आता हात घडी विसरतात. गाठोडी बांधायची सवय तेवढी उरलीय, म्हणून बाही दिसली की गाठ. लोक ओरडत येतात, मी म्हणतो, मीच, माझीच थट्टा! जन्मभर वात्रटपणा केला, तो असा कामी आला बघा. आणि सगळ्यांत जास्त हसते ती ही. म्हणते, अहो, म्हातारे झालात, आता तरी सुधरा.

भाचीला काही कळलेलं नाही. म्हणजे – परवा जाताना तिनं मामीनं घडी केलेली ओढणी उलगडून पाहिली, आणि होती तशीच परत गुंडाळली. मग म्हणाली, काही आजारांत मेंदूतल्या पेशींतही चुकलेल्या घड्या साचतात, मामा. मी विचारलं, आणि घंटा वाजतच राहिली तर? म्हणाली, आवक फार काळ अडवली तर पेशीला स्वतःपुरताही माल उरत नाही. मग? मग ती स्वतःच दिवा मालवते. – मी ताबडतोब तिच्या पर्सचं तोंड शिवून टाकलं. काहीतरी करायला नको? आता येईलच ती, मामीला तपासणीला न्यायला. तपासा की, मी कुठं अडवतोय? पण पोरगी म्हणेल, दुकान आवरा, मामीचं घड्यांचं टेबल काढा. ते नाही! संसाराची घडी बसली म्हणतात ना लोक, आमची खरोखर त्या टेबलावरच बसलीय. टेबल काढलं तर ही सकाळी उठून जाईल कुठं? ती पाटीसुद्धा मी आज उतरवणार आहे. थोडे येऊ देत कपडे. सोपे. रुमाल, टॉवेल. ज्यांना बाह्या नसतात ते–

श्श! ही आली. हसा! हसा की हो, नाहीतर ओरडा मघासारखं! – अगं ये, ये. साहेब रागावलेत, शर्टाच्या बाह्या बांधल्या मी. हो, मीच, दुसरं कोण! नाही सुधरत बघ. – काय? तू घालून देतेस घडी? – द्या हो साहेब, सोडा तो शर्ट, द्या तिच्याकडं. – कॉलर सरळ. वा. पाठ खाली, हां. आता बाह्या...

...घट्ट बसली! घ्या. बघता काय, अशी घडी दुसऱ्या कुणाला येत नाही. उठा आता, तुमचं कोर्ट उघडलं असेल. आणि साहेब – गाठ घरी जाऊन सोडा.