पाचवं वाक्य

साधना : ...आणि चौथं, ‘आय गेट अलाँग विथ अवर ब्लॅक काऊ.’

नवसाबाई : म्हंजी काय गं?

साधना : आपल्या काळ्या गाईशी माझं जमतं. ‘गेट अलाँग विथ’ म्हणजे एखाद्याशी पटणं, जमणं. क्लासच्या मॅडमनी रोजच्या जगण्यातली पाच वाक्यं लिहून आणायला सांगितलीत, आई. आणि खरी पाहिजेत म्हणाल्या.

नवसाबाई : बरं. नवरा झाला, जाऊ झाली, शेजारचा सहादू झाला, गाय झाली. सासूचं नाव नाय कुठं?

साधना : अजून एक राहिलंय ना.

नवसाबाई : मंग हे खाली खोडलंय ते काय?

साधना : ते... चुकलं होतं.

नवसाबाई : चूक एवढी गिरगटून खोडत नाय कुणी. मला इंग्रजी येत नाय, पन डोळे हायेत. माझंच व्हतं ना?

साधना : हो.

नवसाबाई : काय लिव्हलंवतं?

साधना : सासूशी माझं जमत नाही, असं.

नवसाबाई : हां.

साधना : सकाळी गिऱ्हाइकापुढं माझा हार उसवलात तुम्ही! गंगापूर रोडच्या बाई बघत होत्या. लाज वाटली मला.

नवसाबाई : सैल ओवलावता. दाराला बांधायच्या आत झेंडू गळाला असता.

साधना : मग बाजूला घेऊन सांगायचं.

नवसाबाई : ...ते चुकलं माझं. पन खोडलं का मंग? खरंच व्हतं की.

साधना : लिहिताना खरं होतं. तेवढ्यात तुम्ही चहा आणून ठेवलात. म्हणालात, मी ओवते हार, तू आभ्यास कर. मग पुढं लिहवेना.

नवसाबाई : तुझ्या सासऱ्यांशी चाळीस वर्सं भांडले मी. बी कोनतं, पानी कवा, समद्यावरनं. पन त्यांच्याशी जमलं नाय, असं कुनी म्हनंल का?

साधना : नाही म्हणणार.

नवसाबाई : मंग? तुझं तू ठरव. माझ्या भिडंखातर खोटं लिव्हू नको.

साधना : थांबा... हं. लिहिलं.

नवसाबाई : वाच.

साधना : ‘आय गेट अलाँग विथ माय मदर-इन-लॉ.’

नवसाबाई : यात मी कुठंय?

साधना : मदर-इन-लॉ म्हणजे सासू.

नवसाबाई : सासवा लय हायेत मखमलाबादात. नवसाबाई लिव्ह.