तीन प्रकल्प, एक धुराडं

—नाही, दार चुकला नाहीत, वकीलसाहेब, बसा. कंपनीचे वकील आम्हीच. म्हणजे पाटीवर नाव आहे ते माझ्या चिरंजीवांचं, आणि मी त्यांची आई — हे ऑफिस मी उभं केलं, आता माझ्याकडे खातं कुठलं, तर समोरच्या पक्षाचे कागद घ्यायचे आणि 'प्रत मिळाली' म्हणून शिक्का मारायचा. 'आई, तू आता आराम कर.' आराम म्हणे. भिंतीवरचं घड्याळसुद्धा बंद पडल्याशिवाय कोणी उतरवत नाही. द्या इकडे तुमचं अपील. वाचल्याशिवाय मी शिक्का मारत नाही.

हं. पक्षी. पुढच्या पानावर पुन्हा पक्षी — अहो, वीजप्रकल्प अडवायचाय की पिंजरे विकायचेत? उद्या सुनावणी, तळ्याकाठची अख्खी वस्ती तुमच्या तोंडाकडे डोळे लावून बसलीय, आणि तुम्ही बगळ्यांची वंशावळ मांडलीत. बगळ्यांपायी मंजुरी रद्द झालेली ऐकलीत कधी? मी नाही ऐकली. आणि मी — हसू नका — कायदा घरी बसून शिकले, एका मांडीवर पुस्तक, दुसरीवर हा चिरंजीव. सनद मिळाली तेव्हा माझ्या काळ्या कोटाला नाक पुसायचा तो. मंजुरी कशी निघते सांगू? प्रकल्प मोठा म्हटला की जनसुनावणी आली, सुनावणी आली की तुमची वस्ती आली, बोंबाबोंब आली. मग काय करायचं? हत्ती दारातून जात नाही ना, मग कागदावर त्याच्या तीन शेळ्या करायच्या. तीन कंपन्या, तीन अर्ज, प्रत्येक प्रकल्प मर्यादेच्या आत, लहानसा, गरीब बिचारा — जनसुनावणीची गरजच नाही. ही अक्कल कुणाची? परवा चिरंजीव वकिलांच्या परिषदेत सांगत होते, 'आमची पद्धत'. टाळ्या पडल्या. नकाशे पसरून जमिनीवर मी बसायचे, गुडघे माझे गेले, आणि पद्धत यांची. बरं, ढापायचं तर नीट तरी ढापावं. मी तिघांना तीन धुराडी देत असे. यांनी कंपनीचा खर्च वाचवला — प्रकल्प तीन, धुराडं एक. तिन्ही अर्जांच्या नकाशात तेच एक धुराडं, त्याच जागी, ठोंब्यासारखं उभं. आंधळासुद्धा म्हणेल हा एकच प्रकल्प आहे, आणि मग ती मंजुरी टिकते होय? पण तुम्ही बसा बगळे मोजत—

लिहून काय घेताय?

नकाशे... पाहिलेच नव्हते तुम्ही?

ठेवा ते पेन खिशात. मी काही बोलले नाही. म्हातारी बडबडते, विचारा ऑफिसात कुणालाही. आणि नवा मुद्दा घालायचा तर आज कचेरी बंद व्हायच्या आत अर्ज द्यावा लागतो, ते काही तुम्हाला जमायचं नाही — बघा, पुन्हा बोलले.

हा घ्या शिक्का. निघा.

आणि ऐका, उद्या तो मुद्दा मांडाल तेव्हा न्यायाधीशांकडे बघून मांडा, त्याच्याकडे नको. घाबरला की खालचा ओठ चावतो तो, लहानपणापासून. मी काही येणार नाहीये उद्या. जा म्हटलं ना. दार ओढून घ्या.